आठवी पाचर

मी एक जुनी पाचर आहे. लांबी तुमच्या करंगळीएवढी, एक टोक जाड, दुसरं पातळ, आणि रंग चहाच्या चोथ्यासारखा. माझं नाव तुम्ही ऐकलं असेल, पण ते काही चांगल्या कारणाने नसेल. कुणाचं सुरळीत चाललेलं काम अडलं की तुम्ही लगेच म्हणता, "त्याने मधे पाचर मारली." मित्रांनो, इतकी वर्षं मी हे मुकाट्याने ऐकून घेतलं. आज मात्र चार गोष्टी माझ्याही ऐका. तक्रार करायला मी बसलेली नाही. खरं तर मला काही माणसांचे आभार मानायचे आहेत आणि ते थोडक्यात मानता येत नाहीत.

माझा जन्म छापखान्यामागच्या गल्लीत, एका सुताराच्या दुकानात झाला. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. खिडक्या, कपाटं, टेबलं ही त्याची रोजची कामं. पण त्याच गल्लीच्या टोकाला एक चित्रकार राहायचे. पूर्वी ते शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून ते सगळ्यांचे मास्तर. कॅनव्हास ताणून बसवायच्या लाकडी चौकटी ते मिस्त्रीकडूनच करून घेत. चित्र तुम्हाला समोरून दिसतं, मित्रांनो. मागे त्याला अशी चौकट असते आणि चौकटीच्या प्रत्येक कोपऱ्यात दोन-दोन पाचरी ठोकलेल्या असतात. कापड ढिलं पडलं की आम्हाला हातोडीने हलकेच आत सरकवायचं. मग चौकट केसभर रुंदावते आणि कापड पुन्हा असं ताणलं जातं की टिचकी मारली तर वाजावं.

एका मोडक्या बाकाच्या पायातून आम्ही आठ बहिणी निघालो. मिस्त्रीने आम्हाला रंध्याने तासलं, कडा पॉलिशपेपरने घासल्या आणि प्रत्येकीच्या जाड टोकाला एक बारीक भोक पाडलं. मास्तर शेजारी उभे राहून सिगारेट विझवत होते. त्यांना मिस्त्रीची फिरकी घ्यायला फार आवडायचं.

"काय मिस्त्री, पाचरींचे कान टोचताय की काय?"

"दोरा ओवायला आहे, मास्तर. लाकूडच ते. आज घट्ट आहे, उद्या वाळलं की सुटेल. सुटली तर कापड आणि चौकटीच्या मधे जाऊन बसेल आणि कापडाला आतून टोचत राहील. दोऱ्याने बांधली की सुटली तरी जागच्या जागी लोंबत राहते."

"दुसरं कुणी असं करतं का?"

"दुसऱ्याचं मला काय माहीत?"

असा आमचा मिस्त्री. बोलणं कमी आणि काम नको तितकं नेटकं. त्याच्या हातून घडले याबद्दल मी आजही स्वतःला भाग्यवान समजते.

ते चित्र मोठं होतं, उभ्या माणसाहून उंच. मास्तरांनी ते तीन महिने रंगवलं. ज्या दिवशी ते प्रदर्शनाला जायचं होतं त्या दिवशी ट्रक दारात येऊन उभा राहिला आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला. मिस्त्री चित्रामागे गुडघ्यांवर बसून मेण लावलेला पांढरा दोरा एकेकीच्या भोकातून ओवत होता आणि चौकटीला गाठी मारत होता. सात झाल्या. आठवी मी. वरच्या कोपऱ्यातली, समोरून पाहिलं तर डाव्या हाताची.

"मिस्त्री, पुरे हो आता. ट्रकवाला निघाला," मास्तर म्हणाले.

"एकच राहिलीये."

"एकीने काय आभाळ कोसळतंय?"

मिस्त्री उठला. "ठीक आहे. संध्याकाळी तिकडे येऊन बांधतो," असं म्हणून त्याने दोरा खिशात घातला. चित्र गेलं. संध्याकाळी तो आला नाही. दुसऱ्याच दिवशी ते चित्र विकलं गेलं आणि आम्ही दूरच्या एका शहरात पोचलो. तिथे चित्राच्या पाठीला धूळ लागू नये म्हणून एक फळी स्क्रूने घट्ट बसवून टाकली. झालं. तेव्हापासून अंधार.

पण नऊ वर्षं मी पडले नाही, हे मी जरा अभिमानाने सांगते. दोरा नसताना नुसत्या अंगच्या ताकदीवर मी माझा कोपरा धरून होते. तेवढ्या काळात मास्तर गेले. ही बातमी मी चित्रासमोर उभं राहून बोलणाऱ्या माणसांच्या तोंडून ऐकली. त्यांच्या मागे चित्रांच्या किमती चढल्या म्हणे. मला मात्र त्यांची ती विझलेली सिगारेट आठवली आणि वाईट वाटलं.

नवव्या वर्षी आमच्या खोलीत गरम हवेचं यंत्र बसवलं. हवा कोरडीठाक पडली. मी वाळले, आक्रसले आणि एका दुपारी माझी पकड सुटली. सरळ खाली आले ती कॅनव्हास आणि खालच्या पट्टीच्या बेचक्यात जाऊन रुतले. माझं जाड टोक कापडाला आतून ढोसायला लागलं. ज्या कापडाला सांभाळायला माझा जन्म, त्यालाच मी टोचत होते. ओरडावं तर आवाज नाही, हलावं तर जागा नाही.

कुणाच्या तरी लक्षात येईल असं मला वाटलं. लक्षात आलंही, पण कसं ते ऐका. चित्र एका संग्रहालयातून दुसऱ्या संग्रहालयात जाताना त्याची तपासणी होते. कुठे ओरखडा आहे, कुठे डाग आहे, सगळं एका फॉर्मवर लिहितात. पहिल्या तपासणीत कुणीतरी लिहिलं, "खाली डाव्या कोपऱ्यात उंचवटा. मूळचा असावा." पुढच्या तपासणीत त्यावरून उतरवून घेताना लिहिलं, "उंचवटा मूळचा आहे." एवढं एकदा कागदावर आलं म्हटल्यावर विषयच मिटला. फळी उघडून बघायची तसदी मग कोण घेणार?

पुढे तर कहरच झाला. एका विद्वानांनी माझ्यावर लेख लिहिला. चित्रकाराने म्हणे त्या कोपऱ्यात मुद्दाम काहीतरी दडवलं होतं. कुणाला तो कोंडलेला हुंकार वाटला, कुणाला आतून धडका देणारं सत्य. मी कसल्या धडका देते! मी आपली तोंड खुपसून पडलेले होते. मित्रांनो, नऊ वर्षं मी इमानाने काम केलं तेव्हा माझ्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आणि काम सोडून पडले तर माझ्यावर लेख! असलं कौतुक अंगाला लागत नाही. पाहुणे यायचे, "वा" म्हणायचे, आणि दर वर्षी माझ्या टोकाभोवतीचा रंग जरा जास्त ताणला जायचा. तो तडकला की कापडही फाटणार, हे मला कळत होतं आणि माझ्यावाचून ते कुणालाच कळत नव्हतं. अशी बावीस वर्षं गेली.

मग मास्तरांचं मोठं प्रदर्शन भरलं, एका आधुनिक कलेच्या संग्रहालयात. ठिकठिकाणची अठरा चित्रं गोळा करून आणली होती. आमच्या दालनात माणसांचे पाय दिवसभर वाजत राहायचे. लहान मुलं पळायची, मोठी माणसं कुजबुजायची आणि स्टुलावर बसलेला पहारेकरी दर पाच मिनिटांनी म्हणायचा, "रेघेच्या मागे, प्लीज." माहिती सांगणाऱ्या एक ताई होत्या. त्या प्रत्येक गटाला माझ्यापाशी आणून उभं करायच्या आणि विचारायच्या, "इथे तुम्हाला काय जाणवतं?"

एका गुरुवारी दुपारी त्यांनी असंच विचारलं. एक जण म्हणाला, "वेदना." दुसरी म्हणाली, "आशा." मग गटाच्या मागून कुणीतरी खाकरलं.

ते खाकरणं मी ओळखलं. लाकडावर पेन्सिलची खूण करण्याआधी मिस्त्री नेमका तसाच खाकरायचा. एकतीस वर्षांनी आवाज जाड झाला होता, दम लागत होता, पण खाकरणं तेच. मला काय वाटलं ते कसं सांगू? घरचं माणूस दारात येऊन उभं राहावं तसं झालं.

गट पुढे गेला. तो मात्र तिथेच उभा राहिला. त्याच्यासोबत त्याची मुलगी होती. तिने खास रजा काढून त्याला आणलं होतं.

"अप्पा, पाय दुखतायत का? बसता जरा?"

"बसतो," असं म्हणून तो दालनातल्या बाकावर बसला. मग हळू आवाजात त्याने तिला सगळं सांगितलं. ट्रक, हॉर्न, खिशातला दोरा. आणि मला माहीत नव्हतं तेही. त्या संध्याकाळी तो खरंच आला होता. दुकानातून तसाच, भुसा लागलेल्या शर्टाने. काचेतून आतल्या लोकांचे चकचकीत बूट दिसले आणि तो दारातूनच परत फिरला. उद्या सकाळी येऊ म्हणाला. सकाळी चित्र विकलं जाऊन रवानाही झालं होतं.

"आणि मास्तरांना बोललो नाही मी. एकाच पाचरीचा तर प्रश्न, काय होतंय, असं म्हणत राहिलो. आज बघ काय झालंय."

"अप्पा, आता कशाला पण? लोक त्याच्यावर लेख लिहितायत. तुम्ही बोललात तर एक तर तुम्हाला वेड्यात काढतील, नाही तर सगळं खापर तुमच्यावर फोडतील. इथे तुमचं नाव कुठे लिहिलंय का? कुणी विचारायला येणार नाही."

"तेच तर. कुणी विचारायला येणार नाही. मग सांगणार कोण? कापड फाटेल गं ते."

मित्रांनो, त्या वेळी मी आत जीव मुठीत धरून होते. तो नुसता उठून घरी गेला असता तरी त्याला कुणी काही म्हटलं नसतं. पण तो उठला आणि थेट पहारेकऱ्याकडे गेला.

"साहेब, या चित्रात माझी पाचर पडलीये."

"आजोबा, आधी रेघेच्या मागे."

"मागेच आहे. पण ती पाचर काढायला हवी."

पहारेकऱ्याने असले बरेच लोक पाहिले असणार. कुणी येऊन सांगायचं, असलं चित्र माझी पोरगीही काढेल. पण याच्या सुरात काहीतरी वेगळं असावं, कारण तो स्टुलावरून उठला आणि त्याने फोन लावला. त्या पहारेकऱ्याचंही माझ्यावर ऋण आहे. त्याने हसून सोडून दिलं असतं तर माझी गोष्ट तिथेच संपली असती.

चित्रांची दुरुस्ती पाहणाऱ्या बाई आल्या. त्यांच्या आवाजात घाई होती.

"काका, आमच्या फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिलंय. उंचवटा मूळचा आहे."

"मूळचा म्हणजे मी चौकट ठोकली तेव्हाचा ना? तेव्हा कापड सपाट होतं."

"तुम्ही ठोकली?"

"मीच. मागून उघडून बघा. आठ पाचरींपैकी सात सापडतील. सातही जणींना मेण लावलेला पांढरा दोरा आहे. वरच्या डाव्या कोपऱ्यातली एक नसेल. तिला मी दोरा बांधला नव्हता. तिचा दोष नाही, माझा आहे."

तिचा दोष नाही! बावीस वर्षं मी स्वतःलाच कोसत होते. त्या एका वाक्याने माझं सगळं ओझं उतरलं.

बाईंनी खिशातून टॉर्च काढला आणि चित्राच्या कडेने आडवा प्रकाश टाकला. आडव्या उजेडात माझी सावली कापडावर उमटली असणार, एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला निमुळती. आणि माझ्याभोवती रंगात केसासारख्या तीन चिरा त्यांना दिसल्या. त्यांनी त्या मोठ्याने मोजल्या.

संचालकांना बोलावणं गेलं. ते आले आणि आधी त्यांनी प्रदर्शनाच्या पुस्तकाची काळजी केली. "अहो, या उंचवट्यावर त्यात चार पानं आहेत."

"चार पानं राहतील, सर. कापड राहणार नाही," बाई म्हणाल्या.

सोमवारी संग्रहालय बंद असतं. त्या दिवशी मिस्त्रीला बोलावून घेतलं. चित्र भिंतीवरून उतरवलं आणि मऊ कापड घातलेल्या लांब टेबलावर पालथं ठेवलं. एकेक स्क्रू निघत गेला. फळी उचलली आणि इतक्या वर्षांनी माझ्या अंगावर उजेड पडला. वरून चार चेहरे वाकून बघत होते. एक त्याचा होता. केस सगळे पांढरे, चष्मा जाड. मी वाळले होते तसा तोही वाळला होता.

बाईंनी दोरे मोजले. सात. वरच्या कोपऱ्यात एक जागा रिकामी. संचालक म्हणाले, "मिस्त्री, एवढ्या वर्षांनी आपली चूक सांगायला तुम्ही आलात कसे?"

"तिकीट मुलीने काढलं होतं," मिस्त्री म्हणाला.

त्याला खरोखर तसंच वाटलं होतं, की ते तिकिटाबद्दल विचारतायत. मुलगी तोंडावर हात धरून हसली. मग सगळेच हसले आणि खोलीतलं अवघडलेपण गेलं.

बाईंनी एक पातळ पट्टी आत सरकवून मला अलगद बाहेर काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने अंगठ्याने माझी धूळ पुसली. माझ्या भोकातून उजेडाकडे बघितलं.

"वाळलीस गं," तो म्हणाला. एवढंच. मला बोलता आलं असतं तर मी म्हटलं असतं, तुम्ही आलात, खूप झालं.

त्याने माझ्या एका बाजूला लाकडाची कागदाएवढी पातळ पट्टी चिकटवली, म्हणजे मी पुन्हा माझ्या जागी घट्ट बसावी. डिंक वाळेपर्यंत बाईंनी चित्र उभं केलं, चिरा तपासायला. मी त्याच्या हातातच होते, म्हणून मलाही दिसलं. मित्रांनो, एकतीस वर्षं मी ज्या चित्राच्या पाठीशी राहिले ते मी पहिल्यांदा समोरून पाहिलं. पिवळंच पिवळं, भर दुपारचं ऊन अंगणात पडतं तसं, आणि मधून खाली उतरणारी एक काळी रेघ. मला चित्रातलं काही कळत नाही. पण मास्तरांनी हे रंगवलं आणि मी ते धरून होते, याचा मला इतका आनंद झाला की काय सांगू.

मग मी माझ्या कोपऱ्यात परत गेले. हातोडीचे तीन हलके ठोके. मिस्त्रीने दोरा मेणातून ओढला, भोकातून ओवला आणि चौकटीला गाठ मारली. तिच्यावर दुसरी. मग सवयीने ओढून बघितली.

तो निघायला लागला तेव्हा बाईंनी विचारलं, "काका, बाकीच्या सतरा चित्रांच्या पाठी बघाल का जरा?" तो दिवसभर तिथेच राहिला. एकेक चित्र उतरवलं जात होतं, मुलगी टॉर्च धरत होती आणि हा वाकून वाकून कोपरे चाचपत होता. प्रदर्शन बघायला आलेला माणूस, त्याने ते सगळं मागून बघितलं. दोन ठिकाणी त्याला पाचरी ढिल्या सापडल्या.

"अप्पा, या सगळ्या चौकटी तुमच्या?" मुलीने विचारलं.

"अकरा माझ्या. बाकी दुसऱ्या कुणाच्या. चांगल्या केल्यात त्यानेही."

शेवटी फॉर्म आला. तोच, ज्यावर माझ्या नावाने उंचवटा मूळचा ठरला होता. बाईंनी ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं, "उंचवटा नाही. सुटलेली पाचर परत बसवली." पुढे रकाना होता, काम कोणी केलं याचा. त्यांनी पेन वर धरलं. "काका, इथे काय लिहू?"

मिस्त्री खाकरला.

"लिहा, चूक आणि दुरुस्ती, दोन्ही एकाच सुताराची."

बाईंनी तसंच लिहिलं.

आता मी पुन्हा चित्राच्या पाठीमागच्या त्या अंधारात आहे. माहिती सांगणाऱ्या ताई आता माझ्यापाशी थांबत नाहीत. कधी कुणी ते जुनं पुस्तक हातात घेऊन येतं, कोपऱ्यात डोळे बारीक करून बघतं आणि हिरमुसून पुढे जातं. मला गंमत वाटते. माझ्याबद्दल बोलण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणजे माझं काम नीट चाललंय. कापड ताठ आहे, दोरा पक्का आहे, आणखी काय हवं?

एक विनंती मात्र करते, मित्रांनो. दारात ट्रक हॉर्न वाजवत असला तरी शेवटची गाठ मारून मगच उठा. ज्याला तुम्ही किरकोळ समजून सोडून देता ते आपली वर्षं न वर्षं त्या राहून गेलेल्या गाठीपायी कुठेतरी रुतून काढतं. आणि विसरलातच, तर लाजून दारातून परत फिरू नका. कितीही उशीर झालेला असो, या आणि सांगा. आम्हाला राग नसतो हो. आम्ही फक्त वाट बघत असतो.